मीठ जागेवर राहू द्या

प्रति,
मोठ्या किराणा दुकानांत कुठला माल कुठल्या फळीवर बसवायचा हे ठरवणारी सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमची नावं मला ठाऊक नाहीत. ज्या दुकानात मी वर्षानुवर्षं येते तिथली गल्ल्यावरची मुलगी मला चेहऱ्याने ओळखते, माल लावणारा मुलगा मान हलवून हसतो. पण मीठ होतं तिथून उचलून भांड्यांच्या साबणापलीकडे न्यायचं कुणाच्या मनात आलं, हे त्या दोघांनाही सांगता येत नाही. विचारलं की दोघंही छताकडे बघतात. "वरून आलंय." म्हणून हे पत्र वर धाडते आहे. पोचेल तिथे पोचेल.

माझं मागणं मोठं नाही. भाव कमी करा म्हणत नाही, गल्ले वाढवा म्हणत नाही, ते वाजणारं संगीत बंद करा असंही (आज तरी) म्हणत नाही. घरात कायम लागणाऱ्या वस्तूंच्या जागा सारख्या बदलू नका, एवढंच म्हणते. हे वाचून तुम्ही हसाल याची मला कल्पना आहे. ज्याला ज्याला मी हे बोलून दाखवलं तो आधी हसलाच. मग जरा थांबून म्हणाला, "तसं बघितलं तर मीही त्याच्याच पायी ते दुकान सोडलं."

आता नेमकं काय झालं ते सांगते.

माझ्या आईला काचबिंदू आहे. या दुखण्यात समोरचं दिसत राहतं आणि कडेचं जातं. नळीतून बघावं तसं. पाकीट हातात दिलं तर आई त्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचते, तारीख वाचते, वजन वाचते. पण "त्या रांगेत कुठेतरी असेल बघ" म्हटलं की संपलं. पाच फळ्यांच्या लांबलचक मांडणीवरून नजर फिरवून त्यातली एक वस्तू हुडकणं हे कडेच्या नजरेचं काम आहे, आणि ती नजर तिच्याकडे उरलेली नाही. तरीही गेली सहा वर्षं ती एकटी जाऊन वाणसामान आणत होती. पाठांतरावर. आत शिरलं की डावीकडे, दुसरी गल्ली, तिसरा उभा खांब, कमरेच्या उंचीवर हात घातला की मीठ. तिथून पाच पावलं पुढे, खालच्या फळीवर साखर. कपड्यांच्या साबणाचा वास यायला लागला की उजवीकडे वळायचं. काड्यापेट्या गल्ल्याच्या अलीकडे, टोपल्यांच्या चवडीपाशी.

आमच्या घरची यादीसुद्धा त्याच हिशेबाने लिहिली जायची. दुकानात पाय ज्या क्रमाने पडतात त्या क्रमाने. मला लहानपणापासून आई यादी सांगायची आणि मी लिहायचे. आता उलट झालं आहे, पण क्रम तिचाच. मधे मी एकदा घाईत साखर मिठाच्या आधी लिहिली तर तिने कागद परत दिला. "मला मागे फिरायला लावतेस का?"

त्या दिवशी ती नेहमीसारखी दुकान उघडता उघडता गेली, कारण तेव्हा गर्दी नसते. तिसऱ्या खांबापाशी हात घातला. हाताला लागलेल्या पिशवीचं वजन बरोबर होतं, आकार बरोबर होता, पण दाबल्यावर ती करकरली नाही. डोळ्यांसमोर धरून वाचलं तर कपड्यांची पावडर. साखरेच्या जागी काय होतं ते तिने वाचलंच नाही, कारण पाच पावलं मोजायची तर ती कुठून मोजायची हाच प्रश्न होता. माल लावणाऱ्या मुलाला विचारलं. मुलगा भला आहे. तो म्हणाला, "आजी, ते आता तिकडे गेलंय," आणि हात केला. आता 'तिकडे' हा शब्द आणि केलेला हात, दोन्ही काचबिंदूच्या माणसाला कुठल्या कामाचे?

यादीत अकरा वस्तू होत्या, पिशवीतून सात आल्या. पिशवी ओट्यावर ठेवत आई म्हणाली, "अगं, दुकानच हललंय."

उरलेल्या चार वस्तूंसाठी दुसऱ्या दिवशी मी गेले. माझे डोळे चष्म्यासकट ठणठणीत आहेत. एरवी अख्खी यादी मी पंधरा मिनिटांत उरकते; त्या चार वस्तूंना पंचवीस मिनिटं लागली. मीठ कुठे आहे ते माल लावणाऱ्या त्याच मुलाला विचारलं तर तोही दोन गल्ल्या फिरला, मग खिशातून फोन काढून त्यावर आलेला नव्या मांडणीचा तक्ता उघडून बघू लागला. रात्रभर याच पोरांनी तो माल इकडचा तिकडे वाहिला होता, आणि दिवसभर "हे कुठे, ते कुठे" याची उत्तरंही तीच देत होती. तुमच्या तक्त्यात त्या मजुरीचा रकाना असतो की नाही कोण जाणे.

तुम्ही म्हणाल, एका आजारी बाईवरून कुणी धोरण ठरवत नाही. बरोबर आहे. पण आई जे मोजून-मापून करते, तेच आपण सगळे न मोजता करत असतो. नेहमीच्या दुकानात आपण वस्तू शोधतच नाही, पाय नेतात. डोक्यात ऑफिसातलं भांडण चालू असतं, कानाला फोन असतो, आणि हात आपसूक फळीवर जातो. एडवर्ड टोलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये भूलभुलैयातल्या उंदरांच्या प्रयोगांवरून मांडलं होतं की उंदीर नुसती डावी-उजवी वळणं घोकत नाही, त्या जागेचा नकाशाच डोक्यात उतरवून घेतो. पुढे १९७१ मध्ये जॉन ओकीफ या मेंदूशास्त्रज्ञांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या ज्या तो एका ठरावीक जागी आला की चेततात. त्या कामासाठी २०१४ मध्ये त्यांना मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्या उंदरांचा भूलभुलैया कुणी दर दोन महिन्यांनी रातोरात हलवत राहिलं असतं, तर नोबेल राहिलं बाजूला, उंदरांनीच प्रयोगशाळा सोडली असती.

आम्ही तेच करतो. दुकान सोडतो.

मुळात हा शोधाशोधीचा उद्योग आमचा नव्हताच. काउंटरवर यादी द्यायची, पलीकडचा माणूस माल काढून, तोलून, बांधून द्यायचा. माल कुठे ठेवला आहे हे गिऱ्हाइकाला कळायची गरज नव्हती, ते दुकानदाराच्या डोक्यात असायचं. ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान उघडलं आणि मधला काउंटरच काढून टाकला. टोपली घ्या, आत शिरा, आपल्या हाताने उचला, बाहेर पडताना पैसे द्या. पुढच्याच वर्षी त्यांनी या मांडणीचं पेटंट मिळवलं. त्यातला नकाशा बघण्यासारखा आहे. फिरत्या फाटकातून आत आलेलं गिऱ्हाईक एकाच वाटेने, नागमोडी, झाडून सगळ्या फळ्यांपुढून फिरून थेट गल्ल्यापाशी निघतं. सॉन्डर्स काही संत नव्हते. सगळ्या मालापुढून माणसाला फिरवायचं हाच त्यामागचा डाव. पण निदान त्या वाटेवर हरवायची सोय नव्हती. (याच गृहस्थांनी १९३७ मध्ये 'कीडूझल' नावाचं आणखी एक दुकान काढलं. तिथे गिऱ्हाइकाने काचेतला नमुना बघून किल्ली फिरवायची आणि माल पट्ट्यावरून सरकत यायचा. ते चाललं नाही. शोधण्याची कटकट आपणच गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली हे त्यांना वीसेक वर्षांनी उमगलं असावं, असं मला आपलं वाटतं.)

तेव्हापासून तुमच्या-आमच्यात एक सौदा झाला, कुठेही कागदावर न आलेला. दुकानातल्या नोकराचं काम आम्ही बिनपगारी करायचं, आणि बदल्यात तुम्ही थोडं स्वस्त द्यायचं आणि माल काल जिथे होता तिथे आजही ठेवायचा. नोकराला तुम्ही दर पंधरवड्याला नवं गोदाम दिलं असतं का? यातल्या स्वस्ताईची तुम्ही फलकावर जाहिरात करता. जागेचं मात्र सोयीने विसरलात.

हे सगळं तुमच्या अडाणीपणातून होतं असं मी मानत नाही. उलट, फार शिकलेल्या लोकांचं काम आहे हे. नेहमीची वस्तू जागेवर नसली की माणूस फिरतो, फिरला की इतर माल दिसतो, दिसला की उचलतो. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले व्हिक्टर ग्रुएन नावाचे वास्तुरचनाकार होते. १९५६ मध्ये मिनेसोटातल्या एडिना गावात त्यांनी साउथडेल हे चहूबाजूंनी बंदिस्त बाजारसंकुल बांधलं. कशासाठी आलो होतो ते विसरून माणूस नुसता भटकायला लागतो, त्या क्षणाला पुढे 'ग्रुएन ट्रान्सफर' असं नावच पडलं. बिचाऱ्या ग्रुएनना लोक मिळून-मिसळून बसतील असं गावाचं केंद्र उभारायचं होतं. उतारवयात या संकुलांशी आपलं काही नातं नाही असं ते जाहीरपणे सांगत. असो. मुद्दा असा की फिरायला आलेल्या माणसाला विसरायला लावणं वेगळं आणि हातात यादी घेऊन आलेल्याला विसरायला लावणं वेगळं. पहिल्याला मजा वाटेल. दुसऱ्याच्या घरी गॅसवर काहीतरी ठेवलेलं असतं.

याच विषयावर पार्क, अय्यर आणि स्मिथ या तिघांनी १९८९ मध्ये एक अभ्यास छापला होता, प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना किराणा दुकानात पाठवून केलेला. दुकान ओळखीचं की अनोळखी, आणि हाताशी वेळ किती, या दोन गोष्टी त्यांनी तपासल्या. न ठरवलेली खरेदी होणं या दोन्हींवर अवलंबून असतं असं त्यांना दिसलं, पण ठरवलेली वस्तू घ्यायची राहून जाणंही त्यांच्यावरच अवलंबून असतं. मला शंका आहे की तुमच्याकडे हा अभ्यास अर्ध्यावरच वाचला गेला. गिऱ्हाईक भांबावलं की दोन जादा वस्तू उचलतं, एवढं लक्षात राहिलं. चार हव्या त्या न घेताच जातं, ते राहिलं.

आणि राहणारच. न सापडलेल्या वस्तूचा बारकोड वाजत नाही. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंग गमच्या एका पाकिटावर दुकानातला पहिला बारकोड वाचला गेला, आणि तेव्हापासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नगाची नोंद तुमच्याकडे आहे. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये टेस्को या दुकानांच्या साखळीने नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी 'क्लबकार्ड' काढलं, खरेदीवर गुण देणारं, आणि कुणी काय घेतलं हेही दुकानाला कळायला लागलं. मग अशी कार्डं ठिकठिकाणी आली. माझ्याही पाकिटात एक आहे. त्या कार्डावरून तुम्हाला हे कळतं की मी साबण कुठला वापरते, पाहुणे कधी येऊन गेले, घरातला मुलगा शिकायला बाहेरगावी कधी गेला. पण त्या सोमवारी माझी आई तिसऱ्या खांबापाशी हातात कपड्यांची पावडर घेऊन उभी होती, ते कुठल्याच यंत्रात उमटलेलं नाही. तुमच्या लेखी त्या दिवशी सात वस्तू विकल्या गेल्या. शिवाय मांडणी बदलल्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने दुकानात जास्त वेळ काढला, हा आकडा कुणीतरी बैठकीत अभिमानाने दाखवला असेल. हो, काढला. आम्ही मीठ शोधत होतो.

आता लोक दुकान निवडतात कसं, याकडे वळते, कारण माझा-तुमचा वाद मुळात तिथेच आहे. माणूस नेहमीची खरेदी कुठे करेल याचं एक सूत्र डेव्हिड हफ यांनी १९६० च्या दशकात मांडलं. तुम्ही ते जागा घेताना वापरताच. दुकान जितकं मोठं तितकी तिथे जाण्याची शक्यता जास्त, पोचायला वेळ जितका जास्त तितकी कमी, आणि हे सगळं आजूबाजूच्या इतर दुकानांशी तोलून बघायचं. त्याआधी १९३१ मध्ये विल्यम रायली यांनी शहरं गिऱ्हाईक कशी ओढतात ते न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर मांडलं होतं. मोठा गोळा जास्त ओढतो, लांबचा कमी. मला ही सूत्रं पटतात. फक्त त्यात वेळ मोजला जातो तो घरापासून दुकानाच्या दारापर्यंतचा. आमच्या घड्याळात मात्र घरातून निघून पुन्हा घरात येईपर्यंतचा वेळ मोजला जातो. दुकानात शोधाशोधीत दहा मिनिटं वाढली की ते दुकान आमच्यापासून दहा मिनिटं लांब गेलं. जागेसाठी एवढं भाडं मोजून तुम्ही आमच्या जवळ आलात, आणि रात्रीतून चार फळ्या हलवून परत लांब जाऊन बसलात. आई म्हणाली तसं दुकान खरंच हललं.

मुळात सगळी किराणा दुकानं आम्हाला साधारण सारखीच. माल तोच, कंपन्या त्याच, भावात थोडं इकडेतिकडे. आम्ही नेहमीचं दुकान धरतो ते काही रोज तोलून-मापून नाही. एकदा, केव्हातरी, घर बदलल्यावर किंवा नोकरी बदलल्यावर दोन-चार दुकानं फिरून बघतो आणि मग एकाला चिकटतो. का चिकटतो? तिथलं माहीत होतं म्हणून. कुठला गल्ला लवकर हलतो, कुठल्या वारी ताजा माल येतो, कुठली फळी उंच आहे आणि कुणाला काढून मागायचं. हे सगळं शिकायला महिने गेलेले असतात. ते आमचं भांडवल आहे आणि ते दुसऱ्या दुकानात चालत नाही. तुमच्या दुकानाशी आम्हाला बांधून ठेवणारी दोरी ती हीच. तुमच्या कार्डावरच्या गुणांची दोरी त्यापुढे सुतळी. आणि मांडणी बदलता तेव्हा तुम्ही ही दोरी आपल्या हाताने कापता. ज्या क्षणी मला तुमच्याही दुकानात पहिल्यापासून शोधायचंच आहे, त्या क्षणी पलीकडचं दुकान आणि तुमचं दुकान माझ्यासाठी सारखंच नवं झालं.

फोनवरून घरपोच मागवणारे लोक वेगाला भुलले असं सगळे म्हणतात. थोडे भुलले असतीलही. पण माझ्या ओळखीतल्या दोघीतिघींना विचारलं तर त्यांनी वेगाचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, तिथे मागच्या वेळची यादी जशीच्या तशी असते, एक बटण दाबलं की झालं. म्हणजे तिथली फळी हलत नाही. (तिथेही वरच्या चार ओळी जाहिरातवाल्यांनी धरलेल्या असतात, ते पत्र पुन्हा कधीतरी.)

यावर तुमची बाजूही मला थोडीफार कळते. नवा माल येतो, जुना बंद होतो, एखादी वस्तू ऋतूप्रमाणे जास्त लागते, जड डबा वरच्या फळीवर धोक्याचा असतो. नवा माल फळीवर घेण्यासाठी कंपन्या दुकानाला पैसे मोजतात, हेही आता गुपित नाही. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २००३ मध्ये यावर अहवालच काढला होता. फळी म्हणजे तुमच्यासाठी भाड्याची जागा आहे, मान्य. आणि खोटं कशाला बोलू, मागे एकदा अशाच हलवाहलवीत मला बूट पुसायचं एक चांगलं फडकं सापडलं, जे त्या दुकानात मिळतं हे मला माहीतच नव्हतं. पण एका फडक्यासाठी किती वेळा हरवायचं?

नवी सवय लावायचीच तर ती कशी लावावी, याचं एक जुनं उदाहरण मला आवडतं. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी आपल्या दुकानांत चाकांची ढकलगाडी आणली, तीच जी आता सगळीकडे असते. लोक तिला हात लावेनात. तरुणांना ती ढकलणं कमीपणाचं वाटे, बायकांना तिच्यात बाबागाडी दिसे. गोल्डमननी टोपल्या रातोरात गायब केल्या नाहीत. त्यांनी माणसं पगारावर ठेवली आणि त्यांना गाड्या ढकलत दुकानातून फिरायला लावलं. बघून बघून लोक शिकले. बदल पचवायला गिऱ्हाइकाला थोडा वेळ लागतो, हे त्या माणसाला कळत होतं.

आताही काही जणांना कळतं. ऑस्ट्रेलियात कोल्स या दुकानांच्या साखळीने २०१७ मध्ये काही दुकानांतून आठवड्यातला एक तास शांततेचा ठेवला, दिवे मंद, आवाज बंद, ज्यांना गोंगाटाचा त्रास होतो त्यांच्यासाठी. नेदरलँड्समध्ये यम्बो या साखळीने २०१९ मध्ये एका दुकानात असा गल्ला काढला जिथे घाई नसलेल्यांनी गल्ल्यावरच्या माणसाशी खुशाल गप्पा मारत पैसे द्यावेत. पुढे तसे गल्ले त्यांनी बऱ्याच दुकानांत वाढवले. म्हणजे गिऱ्हाईक नुसतं भाव बघून येत नाही हे कळलेली माणसं तुमच्याच धंद्यात आहेत. आणि मांडणी ही सर्वस्वी दुकानदाराची खासगी बाब, असंही आता राहिलेलं नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून चरबी, साखर आणि मीठ जास्त असलेले ठरावीक पदार्थ मोठ्या दुकानांच्या दारात, गल्ल्यापाशी आणि फळ्यांच्या टोकाला मांडायला कायद्याने मनाई आहे. मी कायदा मागत नाही. मला फक्त त्या तिसऱ्या खांबाची हमी हवी आहे.

तेव्हा विनंती अशी. घरोघरी दर महिन्याला लागणाऱ्या पंचवीस-तीस वस्तू तुमच्या बारकोडांना तोंडपाठ आहेत. त्या निवडा आणि त्यांच्या जागा पक्क्या करा, निदान दोन-तीन वर्षं. बाकीच्या दुकानात हवा तो धिंगाणा घाला, आमची ना नाही. अगदीच नाइलाज झाला तर एका वेळी एकच गल्ली बदला आणि आधी पंधरा दिवस त्या जागेवर पाटी लावा: ही वस्तू अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी मिळेल. मोठ्या अक्षरात, डोळ्यांच्या उंचीवर. छतापासून लोंबणाऱ्या पाट्या ज्यांना वाचता येतात त्यांना त्या लागत नाहीत. हलवल्यानंतरही महिनाभर जुन्या जागी चिठ्ठी राहू द्या. दारापाशी एक कागदी नकाशा ठेवा, फोनमधला नको. माल लावणाऱ्या मुलांना तक्ता आदल्या रात्री न देता आदल्या आठवड्यात द्या, आणि 'तिकडे' म्हणून हात न करता माणसाबरोबर फळीपर्यंत चालत जायला त्यांना वेळ द्या. आमच्या त्या मुलाला जायचं होतं. त्याच्यापुढे खोक्यांची चवड होती आणि मागे साहेब उभा होता.

आणि आणखी एक, हे जरा रागाने लिहिते आहे. मीठ हलवलंत ते हलवलंत, पण त्याच जागी त्याच आकाराची, त्याच रंगाची, दुसऱ्याच कशाची तरी पिशवी ठेवू नका. आईने वाचलं म्हणून बरं. सगळेच वाचत नाहीत.

१८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात विणकर आणि इतर कामकरी मंडळी दुकानदारांच्या भेसळीला आणि भावाला कंटाळली, तेव्हा त्यांनी पै-पै साठवून स्वतःचंच दुकान काढलं. सहकारी दुकानांची चळवळ तिथून रुजली. आम्ही तसं काही करणार नाही, काळजी नसावी. आमच्या सोसायटीला जिन्यातला दिवा बदलायला तीन सभा लागतात. आम्ही फक्त शेजारच्या दुकानात जाऊ. भांडण नाही, तक्रारवहीत शेरा नाही. कार्ड पाकिटात तसंच राहील आणि तुम्हाला 'बरेच दिवसांत आला नाहीत' असा संदेश पाठवावा लागेल. तो मला परवाच आला.

आईने पलीकडचं दुकान बघायला सुरुवात केली आहे. तिथे फळ्यांना उभे खांब नाहीत, त्यामुळे ती फरशा मोजते. मागच्या आठवड्यात मी बरोबर होते, मिठापर्यंत सतरा फरशा झाल्या. या आठवड्यात ती एकटी गेली होती. नऊ वस्तूंची यादी होती, आठ आल्या. नववी संपली होती म्हणे, आणि ते तिला तिथल्या मुलीने जागेपर्यंत नेऊन दाखवलं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सध्या तुमची नसलेली एक नेहमीची गिऱ्हाईक

ता. क. : आईने सांगितला तसा तुमच्या दुकानाचा जुना नकाशा काढून सोबत जोडला आहे. खांब, वळणं, पावलांची संख्या, सगळं त्यात आहे. पुन्हा जुन्यासारखं लावायचं मनात आलं आणि तुमच्याकडचा तक्ता हरवला असला, तर उपयोगी पडेल. साबणाच्या वासाची जागा फुलीने दाखवली आहे.